नानांची कुजबुज आणि माझी बँडविड्थ

आमच्या असुबेन गावात माईक माझ्यासमोर चळाचळा कापतात! लग्न असो, मर्तिक असो, चर्च असो, 'क्वाकू साउंड'चे स्पीकर लागले की आवाज पार टेकडीपलीकडे गेलाच म्हणून समजा. त्यामुळे माझ्या सेरवाच्या वडिलांनी आमच्या लग्नासाठी अट घातली, तेव्हा मी मिशीतल्या मिशीत हसलो. मला मिशी नाही, पण हसलो.

सेरवाचे वडील बाफो म्हणजे गावचे ओक्यामे, राजाची वाणी. आमचे राजे नाना भर सभेत लोकांशी थेट बोलत नाहीत. ते बाफोंच्या कानाशी कुजबुजतात आणि बाफो सोनेरी मुठीची काठी उभी धरून ते गावाला खणखणीत ऐकवतात. तीस वर्षं हेच चाललंय.

"सणाच्या सभेत माझा शब्द न् शब्द त्या टोकाच्या आंब्याखाली केळी भाजणाऱ्या बायकांना ऐकू आला पाहिजे," बाफो म्हणाले. "आला, तर मामाला घेऊन ये सेरवाला मागायला. नाही आला, तर माझी पायरी चढायची नाही!"

सभेला दोन हजार माणूस. मी माईक चालू केला आणि 'कुंईईई!' नानांवर छत्र धरणारा असा दचकला, की छत्र पाहुण्या खासदारांच्या डोक्यावर! मी घाईघाईने इक्वलायझरवर त्या शिट्टीचा सूर खाली ओढला. शिट्टी बंद. पण बाफोही बंद! डोकं भाताच्या पातेल्यात घालून बोलावं तसा त्यांचा आवाज.

"ओक्यामेंना पडसं झालंय का गं?" आंब्याखालून आरोळी आली.

मी न्तिममामाला फोन लावला. हा धंदा मला शिकवला त्यानेच.

"मामा, शिट्टी गेली, पण सासरेही गेले!"

"बँडविड्थ किती ठेवलीयस?"

"भरपूर! कंजूषपणा नाही केला."

"शहाण्या, पंगतीत वाढायला बसलायस का? शिट्टी एकाच सुराची असते. तू रुंद कापलंस, म्हणून तिच्या शेजारपाजारचे सगळे सूरही कापले गेले. माणसाचा आवाज त्यांतच असतो! एक पोरगं शिट्टी वाजवतं म्हणून अख्खा वर्ग हाकलतोस? अरुंद कर!"

मी केलं अरुंद. काय सांगू! शिट्टी गायब आणि बाफोंचा आवाज घंटेसारखा स्वच्छ. आता शिट्टीची भीतीच नाही म्हटल्यावर मी आवाज वाढवला. आणखी वाढवला. मुंगी शिंकली असती तरी माईकने पकडली असती!

खासदार चाळीस मिनिटं गावाच्या नव्या रस्त्याबद्दल बोलले. मग नाना बाफोंकडे झुकले. आणि स्पीकरमधून आवाज आला, "याला विचार, मागच्या सणाला दिलेला रस्ता कुठं ठेवलाय?"

स्पीकरची तोंडं गर्दीकडे, त्यामुळे मंचावर कुणालाच पत्ता नाही. बाफो गरजले, "नाना म्हणतात, साहेबांच्या शब्दाची वाट हे गाव डोळ्यांत तेल घालून पाहतंय!"

गर्दी खो-खो हसली. मला वाटलं, माझ्या साउंडला दाद! मी वाकून नमस्कार केला आणि आवाज आणखी एक चिमूट वाढवला.

"आणि आटप म्हणावं. पायाला मुंग्या आल्यात, पोटात कावळे ओरडतायत."

"नाना म्हणतात, पाहुण्यांचा घसा फार शिणला, त्याला विसावा मिळो!"

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी बटणाकडे झेपावलो.

"क्वाकू, हात लावलास तर बघ!" केळीवाल्या बायका ओरडल्या. एकीने तर चिमटाच उगारला.

नाना ताठ झाले. "बाफो, माझं बोलणं सगळ्यांना ऐकू जातंय का रे?"

"जातंय, नाना!" दोन हजार माणसांनी उत्तर दिलं.

बाफोंनी वळून माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांसमोर सेरवाचं लग्न लागलं, दुसऱ्याच कुणाशी तरी. मग त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "नाना म्हणतात, आज सत्य घाईत अनवाणीच घराबाहेर पडलं!"

मैदानात हशा पिकला! नानांचे खांदे गदगदले, खासदारही डोळे पुसत हसले. मला त्या क्षणी म्हाताऱ्या बाफोंचा इतका लळा लागला म्हणून सांगू! इतकी वर्षं आम्हाला वाटायचं, हा माणूस नुसते निरोप पोचवतो.

सभा संपल्यावर मी धीर करून त्यांच्यासमोर उभा राहिलो. सेरवा शेजारीच होती. बाफो शांतपणे म्हणाले, "बाळा, नदीला समुद्राची घाई नसते. पिकणाऱ्या फळाला झाड कधी ढकलत नाही." आणि निघून गेले.

"हो म्हणाले!" मी उडीच मारली. "मामाला फोन करतो!"

"थांब," सेरवा म्हणाली. "सव्वीस वर्षं त्यांच्या घरात काढलीयत मी. त्याचा अर्थ, 'पुढच्या सणापर्यंत मला तोंड दाखवू नकोस.'"

माझं तोंड एवढंसं झालं. "आणि तू? तू काय म्हणतेस?"

"मी नानांसारखं सरळ बोलते," ती म्हणाली. "थांबेन, गाढवा."