राणीला मिशी फुटली तेव्हा

दहा मिनिटं गप्प बसणं ही काय मोठी गोष्ट आहे? मासे जन्मभर बसतात! हे वाक्य मी आमच्या इमारतीच्या जिन्यात छातीठोकपणे बोललो आणि तिथेच माती खाल्ली.

"लावता पैज?" वरच्या मजल्यावरचे दातवाले डॉक्टर म्हणाले.

"लावली! हरलो तर बाराही दारांवरच्या पितळी पाट्या घासीन. रविवारी, सगळ्यांदेखत! जिंकलो तर तुम्ही घासायच्या."

"दहा मिनिटं?" आमची ही दारातून म्हणाली. "झोपेतसुद्धा जमत नाही यांना!"

त्याचं असं झालं, डॉक्टरांनी दवाखाना विकून आलेल्या पैशांत एक सोन्याचं नाणं घेतलं होतं. एकोणिसाव्या शतकातलं, प्रूफ! म्हणजे बाजारात फिरवायला नव्हे, टाकसाळीनं नमुना म्हणून खास घडवलेलं. मधे राणीचा मुखडा आणि भोवती लख्ख आरसा. त्या आरशावर एक ओरखडा उठला की निम्मी किंमत गेली. आता ते खरंच प्रूफ आहे की नुसतंच चकचकीत, हे सांगायला एक पारखी येणार होते. मला ते बघायचं होतं.

"या," डॉक्टर म्हणाले, "पण नाण्यावर बोलायचं नाही. थुंकी उडते, डाग पडतो."

जन्मभर लोकांना 'आ करा' सांगणारा माणूस मला 'मिटा' म्हणत होता! त्यावरूनच ती पैज लागली: नाणं तपासताना दहा मिनिटं गप्प.

मी काही कच्च्या गुरूचा चेला नाही. मी घोटभर पाणी तोंडात धरूनच गेलो. आता बोलणंच खुंटलं! तळमजल्यावरचे घड्याळजी पंच होते. त्यांनी घड्याळ लावलं. पारख्यांनी हातमोजे चढवले, मखमलीवर नाणं ठेवलं, डोळ्याला भिंग लावलं.

"हे गृहस्थ बोलत नाहीत का?" त्यांनी विचारलं.

"आजच्या दिवस नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. बिचाऱ्यांची सगळी पुंजी त्या मखमलीवर पडली होती.

आठ मिनिटं गेली. माझे गाल फुग्यासारखे झाले, पण मी मूग गिळून बसलो. तेवढ्यात पारखी आणखी वाकले. नाण्याच्या आरशात त्यांची नाकपुडी उमटली. भली थोरली! तिच्यातले केस बरोबर राणीच्या ओठांपाशी आले. पारख्यांनी श्वास सोडला, राणीची मिशी हलली. श्वास घेतला, पुन्हा हलली!

संपलं! माझ्या तोंडातून कारंजं उडालं. नाण्यावर, मखमलीवर, पारख्यांच्या भिंगावर, डोळ्यांत!

"अरे देवा!" डॉक्टर किंचाळले.

"हसणं म्हणजे बोलणं नव्हे," घड्याळजी घड्याळावरची नजर न काढता म्हणाले. "पैज चालू आहे. दीड मिनिट!"

पारखी आंधळ्यासारखे रुमाल चाचपत होते. आणि डॉक्टर? वर्षभर मला 'प्रूफ नाणं कधी पुसायचं नाही' असं कानीकपाळी ओरडून सांगणारे डॉक्टर खांद्यावरचा खरखरीत टॉवेल घेऊन नाण्यावर झेपावले!

दीड मिनिट! नुसतं गप्प बसलो असतो तर जिंकलो असतो. टॉवेल राणीच्या नाकापर्यंत आला...

"पुसू नका!" मी अशा आवाजात ओरडलो की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

टॉवेल हवेतच थांबला. पारख्यांनी डोळे पुसले, स्वच्छ पाणी मागवून नाणं कडेनं धरून धुतलं, मऊ कापडानं नुसतं टिपलं. मग पुन्हा भिंग.

"अस्सल प्रूफ," ते शेवटी म्हणाले. "तो टॉवेल एकदा जरी फिरला असता ना, तर मी हे म्हटलं नसतं."

डॉक्टरांनी मला मिठी मारली. डोळे भरले होते त्यांचे. माझ्या कानाशी येऊन ते हळूच म्हणाले, "उपकार झाले हो तुमचे! पण पैज हरलात."

रविवारी सगळी इमारत जिन्यात खुर्च्या टाकून बसली. आमच्या हिनं तर पहिली रांग धरली! मी चिंच लावून पाट्या घासत होतो. डॉक्टरांच्या दारापाशी आलो, एक झकास विनोद सुचला, तोंड उघडलं.

"अंहं!" डॉक्टरांनी ओठांवर बोट ठेवलं. "बोलू नका. पाटीवर थुंकी उडते!"

जिना हसून हसून गडगडला. मी निमूटपणे घासत राहिलो. डॉक्टरांच्या पाटीपासून बाराव्या पाटीपर्यंत एक अक्षर बोललो नाही. चांगला अर्धा तास!

आणि घड्याळजींनी त्या दिवशी घड्याळच आणलं नव्हतं.