कोरडं धोतर, रिकामी टाकी

"मालक, बिरेकाचं पायडल लई मऊ लागतंय," चाँदपाशा म्हणाला.

"मग चांगलंच की! तुझ्या पायाला तरास न्हाय."

"पायाला न्हाय मालक, पर गाडी थांबत न्हाय."

महांतप्पा अणदूरचे शेंगांचे व्यापारी. मोटार आपली आहे, एवढंच त्यांना मोटारीबद्दल ठाऊक होतं. बाकी सगळं चाँदपाशाला. मागं उघडी असलेली ती जुनी लॉरी तो बायकोपेक्षा जास्त जपायचा, आणि हमिदाबी तसं चारचौघांत बोलूनही दाखवायची.

त्यानं पायाखालची फळी उचलली. खाली ब्रेकच्या तेलाची टाकी होती. मूळचं झाकण कधीच हरवलं होतं, तिथं बाटलीचं बूच बसवलेलं. टाकी जवळजवळ कोरडी. तेल संपलं की नळ्यांत हवा शिरते आणि पाय नुसता हवेवर पडतो. त्यानं तेल ओतलं, मालकांना पायडलपाशी बसवलं आणि स्वतः हवा काढायला गाडीखाली शिरला.

"दाबा मालक!"

"दाबलं."

"धरा. सोडू नका. सोडू नका म्हणलं की!"

"अरं हळू. लोकं बघायलेत."

जन्मभर हुकूम सोडलेल्या माणसाला आपल्याच गाडीखालून हुकूम ऐकायचे म्हणजे शिक्षाच. पण पायडल दगडासारखं झालं. चाँदपाशा खूश झाला आणि जमलेल्या मंडळींना सांगू लागला, "ह्या तेलाची करामतच न्यारी. लोखंडाचा जाम सांधा बी हालतोय!"

आठवडा झाला नाही तोच पायडल पुन्हा मऊ, टाकी पुन्हा रिकामी. दृष्ट लागली म्हणून महांतप्पांनी पायडलला लिंबू बांधलं. चाँदपाशानं पाय ठेवताच लिंबाचा रस त्याच्या डोळ्यांत गेला आणि गाडी उकिरड्यावर. शेवटी तेल कुठं गळतंय ते कळावं म्हणून महांतप्पांनी आपलं नवं कोरं धोतर रात्रभर गाडीखाली अंथरलं. असं चार रात्री केलं. धोतरावर थेंब नाही आणि टाकीत तेल नाही.

"नळीतून न्हाय, चाकातून न्हाय," महांतप्पा धोतराची घडी घालत म्हणाले. "मग ऱ्हायलं कोण? तू."

"मी, मालक?"

"इकतोस व्हय तेल?"

लढाईचे दिवस होते. ते तेल सोलापूरला ओळखीनंच मिळायचं आणि संस्थानाच्या हद्दीवर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर हातापाया पडून अलीकडं आणावं लागायचं. विकायला काढलं तर गिऱ्हाईक तयारच. पण चाँदपाशाला आजवर कुणी चोर म्हटलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं, आणि या खेपेला लिंबाचा काही संबंध नव्हता.

"शुक्रवारी अव्वाला तुळजापूरला न्यायचंय," महांतप्पा म्हणाले. "तेवढी खेप कर आन् किल्ली ठेव."

अव्वा म्हणजे महांतप्पांच्या मातोश्री, लक्ष्मम्मा. गुडघ्यांनी त्यांची साथ कधीच सोडली होती. लॉरी ओट्याला लागून उभी असायची, तेव्हा दुपारी ओट्यावरनं तिच्या पुढच्या बाकावर सरकून त्या पानाचा डबा घेऊन बसत. तेवढंच त्यांचं हिंडणं. शुक्रवारीही त्या तशाच सरकून आत बसल्या. टाकी आदल्या संध्याकाळीच काठोकाठ भरली होती. पायडल घट्ट होतं. चाँदपाशानं अल्लाचं नाव घेतलं, महांतप्पांनी खंडोबाचं.

तुळजापूरच्या अलीकडच्या उतारावर पायडल सपशेल फळीला टेकलं.

"मालक, गेलं!"

"काय गेलं?"

"बिरेक!"

त्यानं गिअर बदलला, हाताचा ब्रेक ओढला, भोंग्याचा गळा सुकवला आणि गाडी सरळ रानात घातली. कडब्याच्या गंजीत ती नाकापर्यंत रुतून थांबली. महांतप्पा डोळे मिटून बसले होते. तेवढ्यात दार उघडलं, आणि लुगड्याचा काष्टा सावरत लक्ष्मम्मांनी खाली उडी मारली आणि त्या थेट बांधापर्यंत पळाल्या.

"उतरा की रं, मुडद्यांनो!"

दोघं उतरले. बघतच राहिले.

"अव्वा," महांतप्पा कसेबसे म्हणाले, "तुझं गुडघं?"

वारा अव्वांकडून येत होता. चाँदपाशानं नाक वर केलं. हा वास तो झोपेतही ओळखला असता.

"अव्वा, गुडघ्याला काय लावलंय तुमी?"

"तूच म्हणला न्हवं, लोखंडाचा जाम सांधा बी हालतोय म्हणून? माझं तर नुसतं हाड हाय!" अव्वांना लपवण्यासारखं काही वाटलंच नाही. "बूच काढायचं, कापसाचा बोळा बुडवायचा. आज देवीच्या पायऱ्या उतरायच्या म्हणून पहाटं जरा जास्त चोळलं."

"मला इचारायचं तरी!" महांतप्पा म्हणाले.

"इचारलं असतं तर तू दिलं असतंस व्हय?"

एवढं बोलून त्या वळल्या आणि तुळजापूरच्या दिशेनं चालायला लागल्या. गाडी निघेपर्यंत थांबायची त्यांना आता गरज नव्हती.

चाँदपाशानं किल्ली काढून पुढं केली. "खेप झाली, मालक."

महांतप्पांनी गंजीतल्या गाडीकडं पाहिलं, किल्लीकडं पाहिलं आणि ती त्याच्याच मुठीत दाबली. मग कंबरेवर हात ठेवून हलक्या आवाजात म्हणाले, "हे कंबरंला चालतंय का रं?"

"चालंल की. पर आधी सांगा मालक, चोर कोण?"

महांतप्पांनी दूरवर ताठ चाललेल्या आईकडं पाहिलं आणि झटकन चाँदपाशाच्या तोंडावर हात ठेवला.

"गप! कानात बी त्येच तेल घातलं असंल तिनं."