अर्ध्या दाढीचा पुंजाजी

अमडापूरच्या बाजारात अर्धी दाढी केलेला माणूस शिव्या देत उभा दिसला, की त्याला कोणी कारण विचारत नसे. तो पुंजाजी न्हाव्याच्या हाताखालून उठून आलेला आहे, हे सगळ्यांना ठाऊक असे.

पुंजाजी निंबाखाली बसायचा. गिऱ्हाइकाचा डावा गाल तुळतुळीत करायचा, उजव्याला साबण फासायचा आणि वस्तरा मिटून मांडीखाली ठेवायचा.

"आता आ करा."

"काऊन बे?"

"आत पाह्यतो. लय नाई, उंबऱ्यावरूनच पाह्यतो."

आ केला तर दाढी पुरी होई. नाही केला तर उजवा गाल साबणासकट घरी न्यायचा. एकदा आमचे पाटील चिडून तसेच उठले. दोन दिवस उपरण्याने अर्धं तोंड झाकून हिंडले. तिसऱ्या दिवशी चावडीवर नायब तहसीलदार येणार म्हटल्यावर निंबाखाली मुकाट्याने येऊन बसले आणि कोणी न सांगता आ केला.

पुंजाजी गालात अंगठा घालून तोंड उन्हाकडे वळवायचा. आत सगळं ठीक असलं तर म्हणायचा, "निर्मळ हाय, जा." पांढरा चट्टा दिसला तर माणसाची तंबाखूची चंची काढून स्वतःच्या धोकटीत टाकायचा. त्या धोकटीत वस्तऱ्यांपेक्षा चंच्या जास्त होत्या.

हे वेड त्याला रहीमचाचा शिंप्यामुळे लागलं. चाचांच्या गालात गाठ होती. पुंजाजीला ती वस्तऱ्याखाली लागायची, पण दाढ सुजली असेल म्हणून तो तिच्या कडेकडेने दाढी करत राहिला. शेवटी मिशनच्या डॉक्टरांनी चाचांचा अर्धा जबडा काढला तेव्हा चाचा वाचले. "दोन वरीस मी त्या गालावरून हात फिरवला," पुंजाजी सांगायचा, "न् आत काय हाय थे नाई पाह्यलं." पुढे एखादं गिऱ्हाईक फारच आडमुठेपणा करू लागलं, की तो समोरच्या दुकानाकडे हाक मारायचा, "चाचा, जरा इकडे पाहा!" चाचा मशीन थांबवून नुसतं पाहायचे. गिऱ्हाईक घशापर्यंत आ करायचं.

आता माझी गोष्ट. ती मी इतका वेळ टाळत होतो.

मी तेव्हा शाळेत मास्तर होतो. वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताबरोबर चालायचा, आणि वरून येणारा प्रत्येक कागद शेवटी गावातल्या बऱ्या अक्षराच्या माणसाकडे यायचा. एकदा असाच कागद आला. आपल्या भागात कर्करोग होऊ नये म्हणून लोकांनी कोणते उपाय करावेत, आणि त्यांतले आधी कोणते, ते क्रमवार कळवावे. लगेच कमिटी झाली. पाटील अध्यक्ष, तंबाखूचे दुकानदार शेठजी उपाध्यक्ष, मी सेक्रेटरी. पुंजाजीला कोणी बोलावलं नव्हतं. तो धोकटी घेऊन आला आणि दाराशी बसला.

पहिला ठराव, सभेत कोणी तंबाखू खाऊ नये. तो एकमताने पास झाला आणि पाव तासात सभा बारगळली, कारण कोणाला काही सुचेना. दुसऱ्या दिवशी तो ठराव मागे घेतल्यावर काम झपाट्याने झालं. पाटलांच्या तोंडात तोबरा असल्यामुळे त्यांचा एक "उं" म्हणजे मंजूर आणि दोन "उं" म्हणजे नामंजूर, असं मी धरून चाललो.

पहिलं कलम, पाहणीला येणाऱ्या साहेबांसाठी वेशीवर कमान. दुसरं, तंबाखूच्या तोट्यांचा फलक. तो लावायला शेठजींनी आपल्या दुकानाची भिंत मोठ्या मनाने देऊ केली. तिथे गर्दी कायम असते, म्हणाले. तिसरं, शाळेत भाषण. ते शेठजीच करणार होते.

तेवढ्यात पुंजाजी बोलला. "मास्तर, एक नर्सबाई मागा. बायाइचे तोंडं पाहाले. पयल्या नंबरावर लिवा."

शेठजी हसले. "काय बे पुंजाजी, आता बायकांच्याही दाढ्या करतो काय?"

सगळे हसले. मीही.

"मी नाई पाह्यत, म्हणूनच तं बाई मागून राह्यलो. माणसं निंबाखाली येतात. बाया कुठी येतात? तव्यावर तंबाखू जाळतात, मिसरी घासतात, न् तोंडाले पदर. त्याइच्या तोंडात काय हाय, कोणाले मालूम?"

पाटलांनी मुद्दाम उठून खिडकीबाहेर थुंकून विचारलं, "तुले एवढी घाई कायची?"

पुंजाजी धोकटीचा बंद सोडत आणि बांधत बसला. मला त्याला विचारायचं होतं. खरंच होतं. पण माझ्या तोंडात नुकताच तंबाखूचा बार भरलेला होता. बोलायचं तर थुंकायला उठावं लागलं असतं. मी उठलो नाही. सुंदर अक्षरात सगळ्यात शेवटचं, अकरावं कलम लिहिलं: "सवड झाल्यास स्त्रियांची मुखतपासणी."

वरून उत्तर आलं, पहिली तीन कलमं मंजूर. कमान उभी राहिली. साहेब दुसऱ्या वाटेने आले.

उन्हाळा संपता संपता एका बाजाराला पुंजाजी निंबाखाली दिसला नाही. मी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको काशीबाई चुलीपाशी पाठ करून बसली होती आणि पदराआड वाटीने पेज पीत होती. पुंजाजी मला अंगणात घेऊन आला.

"दिवाळीपासून भाकर कुस्करून खाते. मी म्हणतो आ कर, तं हासते न् पदर घेते. 'तुमच्यापुढं तोंड वासू काय, लाज नाई वाटत?' म्हणते. साऱ्या गावाले आ कराले लावलं मास्तर, घरचं एक राह्यलं."

"मग सभेत सांगायचं होतं!"

"शेठजी हासून राह्यले होते. तिथं काशीचं नाव काढू?"

अकोल्याच्या दवाखान्यात तिला नेलं. तिथल्या नर्सबाईने पाहिलं; पुंजाजी बाहेर बाकावर बसून होता. उशीर झाला होता. पोळ्याच्या आधीच काशीबाई गेली.

त्यानंतर मी कितीतरी दिवस दाढी घरीच केली. अखेर एका सकाळी निंबाखाली जाऊन बसलो आणि डावा गाल होऊन उजव्याला साबण लागताच, तो म्हणायच्या आधीच माझी चंची त्याच्या धोकटीत टाकून आ केला. त्याने माझी हनुवटी धरून तोंड मिटवलं.

"मले मंग दाखवा. पयले वयनीचं पाहून या."

मी अर्ध्या दाढीने घरी गेलो. बायको अंगणात सडा टाकत होती. मी म्हटलं, आ कर. ती आधी हसली, मग रागावली, मग माझ्या गालावरचा वाळलेला साबण पाहून तिने हातातली बादली खाली ठेवली. उन्हाकडे तोंड करून, डोळे घट्ट मिटून तिने आ केला. आत सगळं ठीक होतं. फक्त उजवीकडची एक दाढ नव्हती. आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली होती. ती दाढ केव्हा पडली, मला माहीत नव्हतं.

परत येऊन पुंजाजीला तेच सांगितलं. "निर्मळ आहे. एक दाढ तेवढी नाही."

तो वस्तरा पट्ट्यावर घासत होता, तो थांबला.

"तुमाले कळलं तरी," तो म्हणाला. "काशीले दात किती होते, थे मले आजही मालूम नाई."

मग त्याने माझ्या उजव्या गालाला पुन्हा साबण फासला.