मामानं गाडी फिरवली त्याची खरी गोष्ट

पहिल्यांदा एक गोष्ट स्पष्ट करतो. छोट्या गाड्यांचं माझ्याइतकं ज्ञान अख्ख्या पेडणे महालात दुसऱ्या कुणाला नाही. हे मी गर्वानं सांगत नाही, रागानं सांगतो. हल्ली मोपाच्या विमानतळाकडे पळणाऱ्या गाड्यांतली पोरं मला सांगतात, "अंकल, बटण दाबलं की चालू होते!" अरे, बटण दाबून मिक्सरही चालू होतो. त्यात चालवणाऱ्याची अक्कल काय लागली?

मी कुठल्याही कंपनीचं नाव घेणार नाही. कंपन्या कोर्टात जातात आणि मी वीज खात्यातून पेन्शनवर निघालेला मोरजीचा माणूस आहे. पण आमच्या काळच्या छोट्या गाड्या मी एकूण एक चालवल्यात. एकीचे दरवाजे उलट्या बाजूनं उघडायचे. वाऱ्यानं उघडला तर शेजारी बसलेला माणूस भाताच्या खाचरात. पण उतरताना धोतर अडकत नसे, हा गुण कोण विचारात घेतो? दुसरीचा गियर स्टिअरिंगलाच होता. तो टाकताना ताक घुसळल्यासारखं वाटायचं, पण पुढच्या सीटवर तीन माणसं आरामात मावायची. तिसरी इतकी लहान की बसलं की गुडघे कानाला लागायचे. तिला ढकलायला मात्र दोनच माणसं पुरत.

आणि या सगळ्यांच्या वर माझी पद्मावती.

ती पोर्तुगीज अमदानीत आगबोटीतून आली होती. गोवा मुक्त झाल्यावर म्हापशाच्या एका डॉक्टरांनी ती विकायला काढली आणि मी घेतली. रंग कोवळ्या पानासारखा हिरवा, हॉर्न पाववाल्या पदेराच्या भोंप्यासारखा. मी वाजवला की बायका पाव घ्यायला टोपल्या घेऊन दारात येत. तिला मी माझ्या आईचं नाव दिलं. हे लक्षात ठेवा, कारण पुढं जे झालं ते या नावामुळं झालं.

तिच्यात दोष नव्हते. सवयी होत्या. हँडब्रेक शोभेचा होता. खरा हँडब्रेक म्हणजे डिकीत ठेवलेला चिऱ्याचा तुकडा. तो चाकाखाली सारला की हत्तीनं ओढली तरी ती हलत नसे. दुसरी सवय चढणीची. पेट्रोलची टाकी मागं, इंजिन पुढं. पंप वयानं थकलेला. उभी चढण आली की टाकी खाली जायची, इंजिन वर आणि पेट्रोल काही वर चढायचं नाही. मग मी काय करायचो? गाडी वळवायचो आणि रिव्हर्समध्ये चढवायचो. आता टाकी वर, इंजिन खाली, पेट्रोल आपलं आपण उतरतं. पद्मावती पाठमोरी कुठलीही चढण चढायची. मोरजीत सगळी सपाट वाळू, त्यामुळं ही सवय मला आणि माझ्या बायकोला, सुमनला, एवढीच ठाऊक होती. घरातल्या गोष्टी कुणी गावभर सांगत नाही.

साल एकोणनव्वद. माझ्या बहिणीच्या, वत्सलाच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलीचं नाव कमलाक्षी. ही पाच वर्षांची असताना माझ्या मांडीवर बसून पद्मावतीचा हॉर्न वाजवायची, आणि तेव्हाच मी तिला शब्द दिला होता की तुझ्या लग्नाला याच गाडीतून तुला मांडवात नेईन. भाचीला बोहल्यावर आणण्याचा मान मामाचा. गाडी मामाची. यात वाद घालण्यासारखं काही आहे का?

पण वत्सलाला एक दीर होता. गोकुळदास. डिचोलीला खाणीच्या ऑफिसात कामाला आणि नवीकोरी पांढरी छोटी गाडी घेतलेला. कुठली ते सांगत नाही, पण त्या वर्षी गोव्यातल्या दर तिसऱ्या अंगणात तीच उभी होती. आपली कुठली हे ओळखायला लोक आत लिंबू-मिरची बांधत.

लग्नाआधी चार दिवस पेडण्याला वत्सलाच्या बाल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसून आमची दोघांची जुंपली. तो म्हणाला, माझी किल्ली फिरवताच चालू होते. मी म्हटलं, माझी चौघांनी ढकलल्यावर चालू होते, त्यानं वाड्यात एकी राहते. तो म्हणाला, माझी कमी पेट्रोल पिते. मी म्हटलं, पत्राच इतका पातळ, तिला भूक ती किती लागणार? तुझ्या टपावर कावळा बसला तर पोचा पडतो. तो म्हणाला, माझ्या गाडीत आवाजच येत नाही. मी म्हटलं, मग माणूस येतोय हे गावाला कळणार कसं?

मी जिंकतच आलो होतो. पण मग त्यानं ठेवणीतली गोष्ट काढली. नवरा मुलगा लाटंबार्सेचा. त्याचे वडील दत्ताराम यांनी म्हणे निरोप दिला होता की फोटोवाला येणार आहे, तेव्हा मुलीला नव्या गाडीतून आणा, "त्या जुन्या डब्यातून नको."

डबा! माझ्या आईचं नाव असलेल्या गाडीला डबा! मी बाल्कांवावर उभा राहिलो. सगळी पाहुणे मंडळी ऐकत होती. मी ठणकावून सांगितलं, "ज्या मांडवात माझ्या आवशीच्या नावाक मान नाय, त्या मांडवाच्या दारातसून मी भाचयेक घेवन परत फिरतलंय!"

रागात माणूस बोलतो. पण आमच्याकडे रागात बोललेलं फार लवकर पोचतं. दुसऱ्या दिवशी दुपारी हे वाक्य लाटंबार्सेला पोचलं होतं, आणि वाटेत त्यात थोडी भरही पडली होती.

वत्सला रडायला लागली. शेवटी कमलाक्षीलाच विचारलं. ती नारळ खोवत होती. मान वर न करता म्हणाली, "मी मामाच्याच गाडयेत बसतलंय." विषय संपला. गोकुळदासानं एकच अट घातली, की वाटेत ही गाडी बंद पडली तर मुलगी लगेच त्याच्या गाडीत बसेल, आणि म्हणून तो सबंध वाट आमच्या मागंच राहील.

लग्नाच्या दिवशी पद्मावतीला मी नदीवर नेऊन घासलं. बॉनेटवर अबोलीचा गजरा, त्यावर झेंडूची माळ. पुढं सुमन, मागं मुंडावळ्या बांधलेली कमलाक्षी आणि तिच्या शेजारी वत्सला. चौघांनी ढकललं, पद्मावती खोकली आणि निघाली. मागं गोकुळदासाची पांढरी गाडी, मेलेल्या ढोराची वाट बघणाऱ्या गिधाडासारखी.

कोलवाळचा पूल ओलांडला. थिवी गेलं. अस्नोड्याला मी गाडी थांबवली तसा गोकुळदास टुणकन उतरून मागचं दार उघडायला धावला. मी म्हटलं, बंद पडलेली नाही, तिला तहान लागलीय. रेडिएटरला तांब्याभर पाणी पाजलं आणि निघालो. गोकुळदासाचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. मी आरशातून पाहिलंही.

पुढं लाटंबार्सेला पोचलो आणि समोर चढण आली. काजूच्या बागेतून थेट वर जाणारा तांबड्या मातीचा रस्ता आणि टोकाला, दत्तारामांच्या दारात, मांडव. ही चढण मला कुणी सांगितलीच नव्हती! मुहूर्ताला अर्धा तास होता. वर सनई वाजत होती. आरतीचं ताट घेऊन बायका उभ्या होत्या.

सुमननं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. मग एका काजूच्या झाडाकडे गाडी वळवली आणि तोंड पेडण्याकडे केलं.

आता मागं असलेला गोकुळदास समोर आला. मी त्याला हातानं खूण केली की तू पुढं जा. तो ऐकेना. त्याला वाटलं मला त्याला टाळायचंय. खिडकीतून डोकं काढून तो म्हणाला, "अट म्हणजे अट. मी तुझी पाठ सोडूचंय नाय." माझी पाठ आता मांडवाकडे होती हे त्याच्या ध्यानात आलं नाही. वाद घालायला वेळ नव्हता. मी रिव्हर्स टाकला आणि पद्मावती कशी निघाली म्हणून सांगू! एक हिसका नाही, एक खोकला नाही. नाकाला नाक लावून समोरून पांढरी गाडी वर येत होती आणि मी मान मागं वळवून, भाचीच्या मुंडावळ्यांतून रस्ता बघत, माझ्या आईचं नाव वर चढवत होतो.

माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली ड्रायव्हिंग. आणि वरून ती कशी दिसली ते आता ऐका.

वरच्या लोकांना दिसलं ते असं: नवरीच्या गाडीचं तोंड पेडण्याकडे. फुलं पेडण्याकडे. मामा मुलीला घेऊन परत निघालाय, आणि बिचारा गोकुळदास आपली गाडी आडवी घालून, नाकानं ढकलत ढकलत त्याला वर आणतोय!

सनई थांबली. एका बाईच्या हातातलं निरांजन विझलं. माझं परत फिरण्याचं ते वाक्य सगळ्यांना पाठ होतंच. आणि फेटा सावरत, अनवाणी पायांनी, नवऱ्या मुलाचे वडील दत्ताराम धावत खाली आले. मी ओरडलो, बाजूला व्हा! कारण थांबणं शक्य नव्हतं. थांबलो असतो तर पद्मावती घसरून थेट गोकुळदासाच्या मांडीवर बसली असती. पण त्यांना वाटलं, मामा इतका पेटलाय की ऐकूनसुद्धा घेत नाही. ते माझ्या खिडकीला धरून गाडीबरोबर परत वर धावायला लागले.

"जयराम भाऊ, माझा चुकला," धापा टाकत ते म्हणाले. "तुमच्या आवशीच्या नावाक मी डबो म्हणालंय, माझी जीभ झडो. तुमची गाडी राणी आसा, राणी! पण चेडवाक परत न्हेव नकात."

साठीतला माणूस, डोळ्यांत पाणी. मागं वत्सला हुंदके देत होती, कारण तिलाही आता वाटायला लागलं होतं की मी परतच निघालोय. कमलाक्षीनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा खिडकीतल्या सासऱ्यांकडे, आणि मान खाली घातली. तिचे खांदे हलत होते. लोकांना वाटलं, रडतेय.

मांडवाच्या दारात मी ब्रेकवर उभाच राहिलो. सुमननं उतरून चिरा चाकाखाली सारला. चढण संपली होती. पद्मावती जिंकली होती!

सगळा गाव भोवती जमला. दत्तारामांनी हात जोडून विचारलं, "राग गेलो?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं. अहो, कसला राग, ही गाडी चढण पाठमोरीच चढते, सरळ चढत नाही... आणि वाक्य घशातच अडकलं. "सरळ चढत नाही" हे मी या माणसांसमोर बोलणार? राणी म्हणून झाल्यावर? फोटोवाल्यासमोर? समोर गोकुळदास उतरत होता. त्यानं सगळं जवळून पाहिलं होतं, त्याला चढणीची भानगड कळली होती आणि ती सांगायला त्याचे ओठ शिवशिवत होते. पण तेवढ्यात नवऱ्या मुलाची आई, शेवंती, पुढं आली आणि तिनं त्याच्याच गळ्यात माळ घातली. तुम्ही होतात म्हणून आमची सून परत आली, म्हणाली. गोकुळदासानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यानं तोंड मिटलं आणि मान तुकवून माळ घेतली.

"गेला," मी दत्तारामांना म्हटलं. "यावेळेपुरता."

भाचीचा हात धरून मी तिला बोहल्याकडे नेलं. अंतरपाटापाशी पोचता पोचता ती मुंडावळ्यांआडून पुटपुटली, "मामा, खरा सांगू नको हां." तेव्हा मला वाटलं, पद्मावतीची अब्रू राखायला म्हणतेय. माझे डोळे भरून आले.

लग्न लागलं. दिवसभर पद्मावती मांडवाच्या दारात पेडण्याकडे तोंड करून उभी होती. त्यामुळं माझ्या पानावर सगळ्यात आधी वाढलं गेलं. मी जरा घाम पुसला की कुणीतरी पंखा घेऊन धावायचं. मी हात धुवायला उठलो तर, मी गाडीकडे निघालो असं वाटून, तिघंजण माझ्याबरोबर आले.

या गोष्टीला आता पस्तीस वर्षं होऊन गेली. पद्मावती गेली, दत्तारामही गेले. त्यांच्या दिवाणखान्यात त्या दिवशी फोटोवाल्यानं काढलेला फोटो अजून आहे: नाकाला नाक लावलेल्या दोन गाड्या, हिरवी आणि पांढरी, आणि बाजूला आम्ही दोघं. येणाऱ्या जाणाऱ्याला सांगतात की हे गोकुळदासकाका, यांनी लग्न वाचवलं, आणि हा तो तापट मामा. तापट! आणि त्या पातळ पत्र्याच्या गाडीनं म्हणे माझी पद्मावती ढकलत वर नेली! ती पांढरी बिचारी स्वतःचंच ओझं घेऊन येताना धापा टाकत होती!

यंदा कमलाक्षीच्या मुलाचं लग्न निघालं. मी ठरवलं, पुरे झालं. मांडवात माईक हातात घेऊन सगळ्यांना खरं सांगायचं. आधी तिच्या कानावर घालावं म्हणून फोन केला. ती घाबरलीच.

"मामा, तसा काय करू नको," ती म्हणाली. "सासूचो आवाज जरा चढलो की मी आजूनय सांगतंय, मामाक बोलावू? पस्तीस वर्सां ह्या घरात माका कोण मोठ्यान बोलूक नाय."

मी फोन खाली ठेवला. मग मनातला राग बाहेर काढायला म्हणून हे लिहायला घेतलं, आणि आता शेवटाला येऊन ध्यानात येतंय की लिहिलेलं लोक वाचतात.

तेव्हा वाचकहो, तुमच्यापैकी कुणी लाटंबार्सेचा असेल तर वरचं सगळं विसरा आणि कृपा करून एवढंच ध्यानात ठेवा: त्या दिवशी मी फार रागावलो होतो.