बेकार म्हणवून घेण्याची खटपट

"गेल्या चार आठवड्यांत काम शोधलंत?" पाहणीला आलेल्या सरकारी बाईंनी विचारलं.

"नाही," मर्व्ह टॉलेफसन म्हणाला. "या गावात काम शोधायचं म्हणजे टकल्याच्या डोक्यात उवा शोधायच्या."

"मग तुम्ही बेकार नाही."

मर्व्हने चहाचा मग खाली ठेवला. वॅटलफोर्डची लाकडाची गिरणी बंद पडल्यावर वर्षभर त्याने टास्मानियाचा सगळा उत्तर किनारा पालथा घातला होता. वय ऐकलं की लोक फोन ठेवतात, हे कळल्यावर त्याने नाद सोडला.

"मग मी आहे तरी कोण?"

"मनुष्यबळाच्या बाहेर. म्हणजे निवृत्त मंडळींबरोबर."

"म्हणजे आशा होती तोवर मी बेकार, आणि आशा सुटली तसा बरा झालो?"

"नियम काही मी केलेला नाही हो," बाई नरमाईने म्हणाल्या.

गिरणीतले सगळेच असे 'बरे' झालेले निघाले. वॅटलफोर्डमधली बेकारी जवळजवळ संपली, अशी बातमी पेपरात आली. लगोलग गावातला बेकारांसाठीचा फुकट वेल्डिंगचा वर्गही बंद झाला. बेकारच नाहीत तर वर्ग कोणासाठी? तिथे वेल्डिंग कोणी शिकत नव्हतं, ते सगळ्यांना आधीपासूनच येत होतं. पण शेगडी होती, चहा होता, आणि गिरणीच्या जुन्या साहेबाला शिव्या घालायला माणसं होती. आता मर्व्ह दिवसभर घरातच बायकोच्या, ग्लेनिसच्या, पायात घुटमळू लागला.

"शोध ना मग काम," ती शेवटी वैतागून म्हणाली. "मिळालंच पाहिजे असं कुठे म्हणतायत ते? नुसतं विचारून ये, म्हणजे पुन्हा बेकार ठरशील."

मर्व्हला ते पटलं. विचारायला गावात एकच दार उरलं होतं, ऊना प्रेंटिसची बेकरी. त्याने जाऊन विचारलं. ऊना म्हणाली, "नाही रे बाबा." जिवावरचं टळलं. पण रिकाम्या हाताने परतायची लाज वाटून त्याने खिमा भरलेला एक सॉसेज रोल घेतला.

बातमी पसरली. दुसऱ्या दिवशी क्लाइव्ह आला. तो गिरणीत करवतीवर मर्व्हचा जोडीदार होता. त्याच्यामागून बाकीचे आले. रोज सकाळी बेकरीसमोर रांग लागू लागली. प्रत्येक जण काम मागायचा, नकार घ्यायचा, आणि लाजेपोटी काहीतरी विकत घ्यायचा. नकार द्यायचे, रोल भाजायचे आणि सुट्टे पैसे मोजायचे, यात ऊना मेटाकुटीला आली.

एका सकाळी मर्व्हने सवयीने विचारलं, "काम आहे का?"

"आहे," ऊना म्हणाली. "आत ये आणि हात धू."

"अगं, मी नुसतं विचारत होतो."

"आणि मी नुसतं सांगत नाहीये. तुमच्यामुळेच माझा जीव चाललाय."

रांगेतले सगळे मर्व्हकडे असे बघू लागले, जणू पोलिसांनी त्यालाच पकडलं होतं. तो ओशाळून आत गेला. दुपारी घरी येऊन त्याने ग्लेनिसला सगळं सांगितलं. त्याच्या पिठाने माखलेल्या बाह्या झटकत ती जरा जास्तच वेळ उभी राहिली.

पुढच्या पाहणीत गावातली बेकारी दुप्पट झाली. मंत्र्यांनी समाधान व्यक्त केलं. लोक पुन्हा काम शोधू लागलेत, म्हणजे त्यांचा आत्मविश्वास परत आला, असं ते म्हणाले. वेल्डिंगचा वर्गही पुन्हा सुरू झाला. आता दार ठोठावत फिरायची खरं तर घाई नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी क्लाइव्ह एकटाच आला.

"काम आहे का?"

"नाही रे," गल्ल्यामागून मर्व्ह म्हणाला.

"उत्तम. एक सॉसेज रोल दे."

क्लाइव्हने पुडी घेतली, दारापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. मग बाहेर रस्त्याकडे बघतच त्याने विचारलं, "खरंच नाही ना?"

मर्व्हने गल्ला बंद केला.

"थांब जरा," तो म्हणाला आणि ऊनाला विचारायला आत गेला.