टायमरला ओ

गौतमीने इंटरव्ह्यूची सगळी तयारी केली होती. कॅमेऱ्यात वाळत घातलेली दुपटी दिसू नयेत म्हणून पडदा ओढला होता. आरोही रडलीच तर, म्हणून भुकूम गावातल्या तिच्या बिल्डिंगच्या मालकीणबाई चंद्राबाईंना खालून वर बोलावून ठेवलं होतं. फक्त दिवा लुकलुकत नव्हता.

आरोहीच्या जन्माच्या वेळी सुटलेली नोकरी आता परत हवी होती. कंपनीने परीक्षेसाठी एक छोटा सर्किट बोर्ड घरी पाठवला होता. त्यातल्या टायमरने दर सेकंदाला हाक मारायची, प्रोग्रामने हातातलं काम थांबवून बोर्डवरचा लाल दिवा लावायचा किंवा विझवायचा, आणि पुन्हा जिथल्या तिथून कामाला लागायचं. काम म्हणजे स्क्रीनवर आकडे मोजणं. कालपर्यंत सगळं चालत होतं. पण आज सकाळी घर आवरता आवरता गौतमीने प्रोग्रामही आवरला होता.

"दिवा नुसताच मिणमिणतोय," स्क्रीनवरून इंटरव्ह्यू घेणारे इंद्रजित सर म्हणाले. "आकडेही हलत नाहीत."

"बघते, सर."

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत आरोहीने भोकाड पसरलं. स्वयंपाकघरात भात कालवणाऱ्या चंद्राबाई ओरडल्या, "गौतमी! पोरगी रडतीया!"

गौतमी पाय न वाजवता गेली, आरोहीच्या हातात चमचा देऊन परत आली.

"गौतमी! ए गौतमी!"

ती पुन्हा गेली. आरोही मजेत चमचा चघळत होती. ती परत आली.

"गौतमीऽऽ! बहिरी झालीस का काय?"

"अहो मावशी, कधीच जाऊन आले!"

"मग ओ द्याया काय झालतं? ओ येत न्हाई तवर माणूस हाका मारणारच की!"

गौतमी थबकली. टायमरची हाक ऐकून प्रोग्राम धावत जात होता; पण 'ऐकलं बरं का' असं टायमरला कळवणारी ओळ तिनेच सकाळी बिनकामाची म्हणून उडवली होती. टायमर बिचारा हाका मारतच सुटला होता. दिवा डोळ्यांना कळणार नाही इतक्या वेगाने लागत-विझत होता, आणि प्रोग्रामला आकडे मोजायला उसंतच नव्हती.

तिने ओळ परत घातली. दिवा लुकलुकला. आकडे पळू लागले.

"काय चुकलं होतं?"

"टायमरला ओ दिली नव्हती, सर."

सर हसले. "आता वेग दुप्पट करून दाखवा."

पण तोवर चंद्राबाई आरोहीला कडेवर घेऊन आत आल्या होत्या. दिवा लागला की आरोहीचं तोंड उघडत होतं, आणि उघडलं की चंद्राबाई घास सारत होत्या.

"नगं, सायेब! हाय तसंच ऱ्हाऊ द्या. पोरगी जेवतीया."

"बरं," सर म्हणाले. "गौतमी, सोमवारपासून याल?"

तिने आरोहीकडे पाहिलं.

"यील की!" चंद्राबाईच बोलल्या. "पोरीला मी बघते. फकस्त ही बत्ती हितं ठिवा."

"मावशी, बोर्ड कंपनीचा आहे!"

इंद्रजित सर कॅमेऱ्याजवळ झुकले. "असू दे, असू दे," त्यांनी आवाज हळू केला. "मावशी, असा दिवा बघून पालेभाजी पण खाते का हो ती? आमचा दोन वर्षांचा आहे."