एका चौकोनातलं शून्य

आमच्या वरच्या मजल्यावरचे अण्णा चहाचा शेवटचा घोट कधीच पीत नाहीत. कप उजेडात तिरका धरतात, तळाशी किती भुकटी बसली ते बघतात आणि "धरण भरत आलं की," म्हणून कप खाली ठेवतात. आमच्या हिच्या चहाची अशी पाहणी आठवड्यातून तीनदा होते.

अण्णा पाटबंधारे खात्यात होते. होडीत बसून धरणाची खोली मोजण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. निवृत्तीनंतर तेच धरण त्यांनी संगणकात बसवलंय. नकाशावर चौकोन आखलेत. नदी दर पावसाळ्यात किती माती आणेल, ती कुठल्या चौकोनात किती बसेल, वीस वर्षांत तळ किती वर येईल, हे गणित रोज चालू.

नळाला चार दिवसांनी पाणी येतं. सगळी बिल्डिंग पिंपं भरायला धावते. अण्णा आधी एक बरणी भरून खिडकीत ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पट्टीनं गाळ मोजतात. सोसायटीत पार्किंगवरून जुंपली की त्यांचं एकच, "आदी गाळ बसू द्या, मग बोला." एकदा तो दोन महिने बसत होता.

बेरीज चुकलेली मला बघवत नाही, म्हणून ते मला हेडक्लार्क म्हणतात. जुन्या कार्यालयाला पाठवायचा तक्ता त्यांनी आधी माझ्याकडे दिला. दोन संध्याकाळी बसून तपासला. एकच चूक निघाली. एका चौकोनाच्या चारी बाजूंना गाळ दरवर्षी वाढत होता, आणि त्या चौकोनात वीसही वर्षं शून्य. मी वर जाऊन सांगितलं, हे असंच गेलं तर सगळा तक्ता परत येईल, केलेली मेहनत वाया.

अण्णांनी चष्मा पुसला. "तितं आमचं घर हाय."

गाव धरणात गेलं तेव्हा वासे, दारं काढून आणली. दगडी उंबरा तिथंच राहिला. निघायच्या सकाळीसुद्धा आईनं तो धुऊन पुसला होता. पुढं एका उन्हाळ्यात पाणी फार उतरलं. मोजणीला गेलेल्या अण्णांनी होडी तिकडं वळवली आणि हातांनी गाळ उपसून उंबरा मोकळा केला.

"आकडा मला म्हाईत हाय की," ते म्हणाले. "भरायला हात उचलत न्हाय."

मग माझ्यासमोरच त्यांनी तो भरला. कार्यालयाला पाठवायची नवी प्रत मी पुन्हा तपासली, जुळली, खाली तसा शेरा लिहिला. जुना तक्ता फाडायला घेतला, तर त्यांनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या तो माज्याकडं, हेडक्लार्क."

मी पेन काढलं आणि त्या शून्याच्या तक्त्याखालीही लिहिलं : तपासले, बरोबर आहे.